पोकळ दिनार

डोकं की जहाज, हा खेळ रोममध्ये शेंबडं पोरही खेळतं. नाणं उडवायचं, ते हवेत असताना बोलायचं, आणि हरणाऱ्यानं दारू पाजायची. तांब्याच्या जुन्या नाण्यांवर मागच्या बाजूला जहाज असायचं, म्हणून जहाज. चांदीच्या दिनारवर जहाज नाही. पुढं शिरस्त्राण घातलेली रोमा देवी, मागं रथातली पंखवाली विजयादेवी. तरी बोलायचं जहाजच. मी कायम डोकं बोलायचो आणि कायम जिंकायचो.

माझं नाव हिलारस. टेकडीवर जूनोच्या देवळाला लागून टाकसाळ आहे, तिथं मी घण मारतो. गुलाम म्हणून मारायचो, सुटलो तरी मारतोच. सुटलो त्या दिवशी मालकानं विचारलं की आता काय करणार. म्हटलं, हेच, फक्त शिव्या आता मोठ्यानं देणार. तो हसला. मी लोकांना हसवतो, तो माझा धंदाच आहे. घणाचे पैसे मिळतात, हसवण्याची दारू.

तर माझ्याकडं दोन डोक्यांचा दिनार होता. तो बनवत नाहीत, होतो. खालचा ठसा ऐरणीत पक्का बसवलेला असतो, त्यात रोमा. वरचा ठसा माझ्या जोडीदाराच्या, फिलोच्या, हातात, त्यात पंखवाली. मधे तापलेली कोरी चकती. मी घण घालतो, फिलो ठसा उचलतो, नाणं बाजूला पडतं. कधी कधी ते पडत नाही. वरच्या ठशाला चिकटून बसतं, आणि धुरात फिलोला ते दिसत नाही. पुढची चकती येते, मी मारतो. आता या दुसऱ्या नाण्यावर खालून रोमा उठते ती बरोबर, पण वरून पंखवालीऐवजी चिकटलेल्या नाण्यावरचं डोकं दाबलं जातं. उलटं, आत गेलेलं, ओल्या मातीत टाच रुतावी तसं. पंखवाली त्या नाण्यावर येतच नाही.

असली नाणी परत मुशीत टाकायची, वितळवायची. एक माझ्या गालात राहिलं. दारावर कपडे तपासतात, दात कोण तपासतो?

चढणीच्या पायथ्याशी वोलुम्नियाची खानावळ आहे. गरम दारू, उकडलेले हरभरे, आणि स्वतः वोलुम्निया, जिचा हात ओगराळ्यापेक्षा मोठा. तिच्याकडून मी त्या दिनारवर किती प्याले उकळले ते देवाला ठाऊक. शेवटी एक दिवस तिनं नाणं हवेतच पकडलं, उलटसुलट केलं आणि माझ्या पेल्यात टाकलं. म्हणाली, "गिळ आता." सगळी खानावळ हसली, सगळ्यात जास्त मी. ते नाणं मग टायबर नदीत फेकावं लागलं, कारण त्याची गोष्ट चौकाचौकात झाली होती.

त्या वर्षी सैन्य उत्तरेला गेलं होतं, डोंगरापलीकडं. माझा मुलगा फेस्टस त्यात होता. मी त्याला बेकरीत चिकटवत होतो. पीठ मळ, गरम जागी झोप, भाकरी फुकट. तो म्हणाला, बाबा, तुझ्या नाण्यावरची ती बाई एकदा खरी बघून येतो. ही असली उत्तरं तो माझ्याकडूनच शिकला होता, त्यामुळं मला पुढं बोलता आलं नाही. त्याच्या आईला, रुफियाला, मात्र बोलता आलं. रुफिया जन्मानंच स्वतंत्र, मी सुटलेला, त्यामुळं भांडणात तिचं एक पाऊल कायम पुढं असतं. तो गेल्यापासून ती भांडायची थांबली.

पानगळीच्या सुमारास टाकसाळीत हुकूम आला. उत्तरेच्या सैन्यासाठी विजयाची नाणी पाडा. विजय झालेला नव्हता. यात कोणाला नवल वाटत नाही, आमच्याकडं असंच चालतं. जिंकल्यावर शिपायाला बक्षीस लगेच हवं असतं, आणि चांदीला डोंगर ओलांडायला महिने लागतात. म्हणून विजय आधी आम्ही पाडतो, लढाई ते मागाहून करतात.

नवा वरचा ठसा निकानोरनं कोरला. ग्रीक माणूस, डोळ्याला ठसा चिकटवून काम करतो, वर्षानुवर्षं कुणाचं तोंड त्यानं नीट पाहिलेलं नाही. यावेळी पंखवाली रथात नव्हती. उभी होती, आणि हात लांब करून हार पुढं धरला होता. हाराखाली कोणीच नव्हतं, नुसती सपाट जागा.

मी विचारलं, "घालणार कोणाला?"

"कोणीतरी उभा राहील की," निकानोर म्हणाला, आणि हत्यारं पुसायला लागला.

पहिल्याच दिवशी नाणं चिकटलं. नव्या ठशाला चिकटतं, कडा जरा झिजेपर्यंत. फिलोनं वरच्या ठशातलं नाणं खिळ्यानं उचकटून काढलं आणि बिघडलेलं मुशीच्या टोपलीत टाकलं. मला वोलुम्नियाचा सूड घ्यायचा होता. संध्याकाळी ते माझ्या गालात होतं.

खानावळीत मी लगेच उडवलं नाही. आधी हरभरे खाल्ले, बाजारातल्या भानगडी सांगितल्या, तिला हसवलं. मग उडवलं. तिनं परत हवेतच पकडलं आणि म्हणाली की एक गाढव एकाच खड्ड्यात किती वेळा पडणार. मग तिनं ते दारातल्या उजेडात धरलं. माझ्या पेल्यात टाकलं नाही.

मी उठून तिच्या शेजारी गेलो.

आत दबलेलं डोकं रोमाचं नव्हतं. शिरस्त्राण नव्हतं. पुरुषाचा चेहरा होता, आणि तो समोरून होता. नाण्यावर समोरून चेहरा कोणी कोरत नाही. नाक सगळ्यात आधी झिजतं, वर्षभरात माणूस ओळखू येत नाही. म्हणून सगळे एका बाजूनं. हा सरळ आपल्याकडं तोंड करून होता. दाढीचे खुंट होते. नाक मोडून डावीकडं बसलेलं.

"हा आपला पान्सा आहे," वोलुम्निया म्हणाली.

पान्सा तिचा भाऊ. सैन्याबरोबर खेचरं हाकायला गेला होता. नाक त्याचं याच खानावळीत मोडलं होतं, तो सांगायचा लढाईत मोडलं. मी म्हटलं, बाई, ठसा नवा आहे, चांदी नीट तापली नसेल, त्यात कोणालाही कोणीही दिसेल, मला तर माझी सासू दिसते. ती हसली नाही. नाणं परतही दिलं नाही. ओढणीच्या टोकात बांधलं आणि दारू ओतायला गेली. त्या दिवशी तिनं सगळ्यांना माप भरून दिलं, त्यावरून लोकांना कळलं की काहीतरी झालंय.

हिवाळा लागताना एक हात गेलेला शिपाई उत्तरेहून परतला. तो खानावळीत बसला आणि विचारल्यावर त्यानं सांगितलं. नदी ओलांडताना खेचरं बुजली होती. पान्सा त्यांच्या पायांखाली सापडून मेला. पानगळ संपायच्या आधीची गोष्ट.

मी फिलोला सगळं सांगितलं. फिलो थ्रेसचा, बोलायला आळशी. त्यानं फक्त विचारलं की त्या दिवशी ठशात चिकटलेलं नाणं कसं होतं. ते मी पाहिलंच नव्हतं.

पुढच्या वेळी पाहिलं. नाणं चिकटलं, पुढची चकती बिघडली. फिलोनं वरच्या ठशातून चिकटलेलं नाणं काढलं. स्वच्छ होतं. रोमा देवी एका बाजूनं, शिरस्त्राण, तुरा, सगळं जागच्या जागी. मग बिघडलेलं पाहिलं. आत दबलेला माणूस. समोरून, म्हातारा, गालफडं बसलेली, तोंड थोडं उघडं. रोमाच्या डोक्यानं हा खड्डा पडला होता. दुसरं काही त्या दोन्हींच्या मधे आलंच नव्हतं, मी स्वतः मारलं होतं.

मी एक नाणं दुसऱ्यात बसवून पाहिलं. रोमाचं डोकं त्या माणसाच्या चेहऱ्यात काठोकाठ बसलं. हलवलं तरी हललं नाही.

फिलोनं ते माझ्या हातातून घेतलं, दोन्ही वेगळी केली, आणि बिघडलेलं मुशीत टाकलं. मग ठसा उचलला आणि माझ्याकडं पाहत राहिला, मी घण उचलेपर्यंत.

त्यानंतर ते रोज व्हायला लागलं. आम्ही ठसा तेलात बुडवला, राखेनं घासला, प्रत्येक घावानंतर उलटा करून पाहिला. पाहिला की काही नसायचं. तरी पुढची चकती बिघडलेली निघायची. शेजारच्या ऐरणीवर जुना ठसा होता, तिथं सगळं ठीक. अधिकाऱ्यानं येऊन पाहिलं, ठसा बदलायला वेळ नाही म्हणाला, बिघडलेली मोजूसुद्धा नका, वितळवा. त्यानं एक हातात घेतलं होतं. नीट पाहिलं आणि पुसून परत ठेवलं. जाताना म्हणाला की आपल्याच सैन्यातली पोरं दिसतात.

वोलुम्नियाच्या तोंडात तीळ भिजत नाही. महिन्याभरात चढणीच्या खालच्या पायऱ्यांवर बायका येऊन बसायला लागल्या. काही म्हाताऱ्या, काही पोटुशा. गोंधळ नाही, रडारड नाही. आम्ही उतरलो की उठायच्या आणि आमच्या तोंडाकडं बघायच्या. मी त्यांना गमती सांगून पाहिल्या. एकदोघी हसल्या, सवयीनं.

मग एक दिवस त्यांच्यात रुफिया होती.

मी तिला दंडाला धरून घरी आणलं. वाटेत म्हटलं, हे सगळं त्या वोलुम्नियाचं डोकं, दारूच्या वाफेत राहून राहून झालंय. रुफियानं ऐकून घेतलं. घरी आल्यावर तिनं मसूर चुलीवर चढवले, आणि पाठमोरीच बोलली.

"तो आला, तर मुशीत टाकू नकोस. मला आणून दे."

"काय करणार त्याचं?"

"पुरणार. तिकडं कोण पुरतंय त्याला? कोण तोंडात पलीकडं जायच्या भाड्याचं नाणं ठेवतंय?"

मी म्हटलं तो जिवंत आहे. ती म्हणाली, असू दे, असला तर येणारच नाही तुझ्या ऐरणीवर. हे तिचं म्हणणं बरोबर होतं. मी मसूर ढवळले.

त्यानंतर आमच्यात एवढंच बोलणं व्हायचं. मी दारात चप्पल काढायचो, ती म्हणायची, आज? मी म्हणायचो, नाही. मग जेवायचं.

कामावर मी आता थट्टा करत नव्हतो. करत होतो, पण तोंड आपोआप करायचं, मी ऐकत नसायचो. घण उचलताना एकच गोष्ट डोक्यात असायची. नीट मार. सरळ मार. चिकटू देऊ नको. मी आयुष्यात इतकं चांगलं काम कधी केलं नव्हतं. अधिकाऱ्यानं शाबासकी दिली. बिघडलेलं नाणं निघालं की फिलो आधी बघायचा, फेस्टस नाही म्हणून मान हलवायचा, मगच मी बघायचो. बघायचो आणि मुशीत टाकायचो. किती चेहरे गेले. एक पोरगा होता, त्याचे कान बाहेर आलेले, फार तर मिसरूड फुटलेलं. तो मी जरा वेळ हातात ठेवला. कुणाचा कोण. मग टाकला. तापलेल्या चांदीत नाणं पडलं की आवाज येत नाही, ते आधी काठावरून मऊ होतं आणि मग मधूनच बुडतं.

मनगटापासून कोपरापर्यंत माझे हात बधिर झाले होते. घणकऱ्यांचे होतात. पण माझी छातीही तशीच झाली होती, आणि ते मी कोणाला सांगितलं नाही, कारण बरं वाटत होतं.

शेवटच्या पोत्याची चांदी चालू होती. दुपार होती. छपरातल्या भोकातून ऊन सरळ ऐरणीवर पडत होतं. मी मारलं, फिलोनं ठसा उचलला. नाण्याकडं पाहिलं.

त्यानं मान हलवली नाही.

मी पाहिलं. खालच्या ओठावर चीर होती. लहानपणी कारंज्याच्या काठावर आपटला होता तेव्हाची. केस कपाळावर आलेले. डोळे मिटलेले. बाकी सगळ्यांचे उघडे असायचे, ह्याचे मिटलेले. झोपेत तो असाच दिसायचा, तोंड थोडं रागावल्यासारखं.

फिलो म्हणाला, "घरी ने. मी दारावरच्याला बोलण्यात गुंतवतो."

रुफियाला दिलं असतं. तिनं मातीचं भांडं आणलं असतं, दूध ओतलं असतं, केस मोकळे सोडले असते. मी शेजारी उभा राहिलो असतो. झालं असतं सगळं.

"तापव," मी म्हटलं.

फिलोला कळलं नाही. मग कळलं. बिघडलेलं नाणं परत ठोकायचं नसतं, हे टाकसाळीत पहिल्या दिवशी शिकवतात. ते वितळवायचं, सगळं पुसून जाऊ द्यायचं, मग नवी चकती ओतायची. परत ठोकलं तर वरचं नवं चित्र उठतं पण खालचं जात नाही. ते खालीच राहतं.

त्यानं सांडशीत धरून तापवलं. बाकीच्यांकडं पाठ केली होती त्यानं. लाल झालं तसं त्यानं ते ऐरणीत ठेवलं, रोमा खाली, फेस्टस वर. ठसा त्याच्यावर धरला. ठशात काही चिकटलेलं नव्हतं. आम्ही दोघांनीही पाहिलं.

मी मारलं. एकदा. इतकं सरळ मी कधी मारलं नव्हतं.

पंखवाली उठली. पंखांची पिसं मोजून घ्यावीत इतकी स्वच्छ. हात लांब, हार पुढं. हाराखालची जागा सपाट नव्हती. तिथं एक बारीक रेघ होती, ओठावरच्या चिरेएवढी. शोधल्याशिवाय दिसली नसती.

मी ते नाणं ढिगात टाकलं. ढीग पोत्यात गेला, पोती खेचरांवर. ती डोंगराकडं गेली.

रुफियानं विचारलं, आज?

मी म्हटलं, नाही.

बर्फ वितळताना बातमी आली. भाल्यांना तमालपत्राच्या डहाळ्या बांधून दूत आले, म्हणजे विजय. लोक रस्त्यात नाचले. देवळांची दारं उघडली, बैल कापले, मांस वाटलं. वोलुम्नियानं खानावळ बंद ठेवली. पायऱ्यांवरच्या बायका आपापल्या घरी गेल्या, कारण आता त्यांना जे कळायचं ते सरकारी रीतीनं कळणार होतं. ठसा मोडीत गेला. निकानोरनं तो स्वतः छिन्नीनं फोडला.

आणि मटारच्या दिवसांत फेस्टस आला.

तो चालत आला. खांद्यावर गाठोडं, अंगावर धूळ, दोन्ही हात, दोन्ही पाय. मी त्याला गल्लीच्या तोंडाशी पाहिलं आणि घण मारताना असतो तसाच उभा राहिलो, पाय फाकवून. तो जवळ आला, म्हणाला, बाबा. मी म्हटलं, कोण पाहिजे, इथला म्हातारा मेला. तो हसला. जिथं हसायला हवं होतं तिथंच हसला.

रुफिया रडली नाही. तिनं फक्त चुलीत जास्त लाकडं घातली. मटार, चीज, माशांची आमटी, जे होतं ते सगळं तिनं रांधायला घेतलं. तो दारात बसला. मी त्याला विचारलं की लढाई कशी होती. तो म्हणाला चिखल होता. मी विचारलं बक्षीस मिळालं का. म्हणाला मिळालं, वाटेत खर्च झालं. मी म्हटलं, शाबास, माझाच आहेस. परत हसला. चीर होती ओठावर. सगळं होतं. मला रडू यायला हवं होतं, मी वाट पाहिली, ते आलं नाही.

ऊन दारातून आत येत होतं, त्याच्या पाठीमागून, त्यामुळं मला त्याचं तोंड नीट दिसत नव्हतं. मी जागा बदलली नाही.

रुफियानं आमटी उतरवली. मग तिनं लुगड्याला हात पुसले, दोन्ही बाजूंनी, सावकाश. त्याच्यासमोर गुडघ्यावर बसली. आल्यापासून तिनं त्याला हात लावला नव्हता, स्वयंपाकाचे हात म्हणून.

तिनं उजवा हात त्याच्या गालावर ठेवला.

हात टेकायला हवा होता तिथं टेकला नाही. अजून आत गेला, बिघडलेल्या नाण्याच्या खड्ड्यात जावा तसा. मग टेकला.

रुफियानं हात काढला नाही. तिनं माझ्याकडं पाहिलं, थोडा वेळ, आणि परत त्याच्याकडं वळली.

"जेवून घे," ती म्हणाली. आणि तिची बोटं आतल्या आत हळूहळू मिटली, भांड्याच्या तळाशी उरलेलं पीठ गोळा करावं तशी.